सात चाळीसच्या बातम्या

तांदळाची पोती भिंतीशी सरकवायची,
वर निळी चादर टाकायची, की झाला स्टुडिओ.
कॅमेरा म्हणजे माझा फोन,
दोन डबे आणि एका जाड हजेरीपटावर उभा.
लेन्सला बारीक तडा आहे,
त्यामुळे बिनाकीच्या आमच्या शाळेला
हॉलमधल्या टीव्हीवर आम्ही दिसतो
थोडे चिरलेले, थोडे हिरवट.

तिसरीतला वेदू निनावे
कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेल्या बातम्या धरून उभा राहतो.
त्याचे हात भरून आले की ओळी खाली खाली येतात,
आणि खुशबू उईके
वाचता वाचता वाकत जाते.

बातमी म्हणजे काय, हे मी फळ्यावर लिहिलं होतं:
कोण, कुठे, कधी.
त्याखाली आफरीनने आपणहून लिहिलं:
आणि काऊन.
मी ते पुसलं नाही.
पुस्तकात 'का' असतं, हेही सांगितलं नाही.

चौथीतला पंखा फिरतो पण वारा देत नाही.
निळी बाटली हरवली, सापडली, पुन्हा हरवली.
"हे तू बघितलं की ऐकलं?"
ऐकलं असेल तर आम्ही दोन दिवस थांबतो.
थांबली की बातमी शिळी होते, वेदू म्हणतो,
पोळीसारखी.
तरी थांबतो.

भिंतीपलीकडे कौतिकाबाईंची खिचडी.
झारा गंजाला लागला की माइक थरथरतो,
म्हणून सात चाळीसला लोकेश धकाते
भिंतीवर दोन थापा मारतो
आणि त्या थांबतात.
सात मिनिटं.
कधीकधी खाली लागते.
तो वास बातम्यांत येत नाही.

एप्रिलमध्ये आफरीनने कागद आणला.
कौतिकाबाईंना चार महिन्यांचं मानधन मिळालेलं नाही.
"बघितलं की ऐकलं?"
"त्यांची उधारीची वही बघितली, मॅडम.
दुकानदारालेही विचारून आली."
कोण, कुठे, कधी, सगळं होतं.
काऊनसमोर जागा कोरी होती,
आणि ती भरायला पोरगी
थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन आली होती.

सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही.
"वाढदिवस घ्या, सुविचार घ्या.
हे कशाला, मॅडम?"
लाल पेनने मी आडवी रेघ मारली,
चुकलेल्या बेरजेवर मारते तशी.
बेरीज बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी आफरीनकडे फक्त हवामान.
"आज पारा चव्वेचाळीसवर जाईल.
दुपारी उन्हात फिरू नका, कांदा जवळ ठेवा.
या भिंतीमागच्या खोलीत किती होईल, माहीत नाही.
तिथे कोणी मोजलेलं नाही."
मग ती थांबली.
वेदूच्या कॅलेंडरवर ती ओळ तशीच होती, रेघेसकट,
मी नवीन पान दिलंच नव्हतं.
ओठ न हलवता ती बघत राहिली,
वाचायला जितका वेळ लागला असता
तितका वेळ.

आणि पलीकडे झारा वाजला.
एकदा.
मग नेहमीसारखा, घाई नसलेला, कामाचा.
मी लोकेशकडे बघितलं.
थापा मारायला तो विसरला नव्हता.
हात पाठीशी बांधून उभा होता.

हॉलमध्ये दीडशे मुलं गप्प होती म्हणे.
पहिलीतलं कोणीतरी तेवढं बोललं,
"खिचडी होऊन राह्यली."

"बातम्या संपल्या," खुशबू म्हणाली, जरा लवकरच.
सर वऱ्हांड्यात उभे होते,
चष्मा पुसत.
काही बोलले नाहीत, मीही नाही.

चादरीची घडी घालताना लोकेशने विचारलं,
मॅडम, विज्ञानाच्या कपाटात
थर्मामीटर हाये ना?

आहे.
किल्ली माझ्याकडेच असते.