दोन अंश

पहाटे साडेतीनला बहोडापूरच्या गॅरेजचं शटर
मी अर्ध्यावरच उचलतो. शेजारी ट्रकवाले झोपलेले असतात.
मे महिन्यात ग्वाल्हेरची गार हवा म्हणजे एकतीस अंश,
आणि तीही तासाभराचीच.
दिवसा टर्बोला पाजायला इथे काही नसतं,
नुसती झळ.

गाडी लहान. बाराशे सीसी, तीन सिलिंडर,
मागच्या काचेवर अजून शोरूमचा स्टिकर.
मालक ओजस पागनीस, बँकेत लागून सात महिने.
पहिल्या पगारात त्याने आईला साडी घेतली,
दुसऱ्या-तिसऱ्यात इंटरकूलर.
हे त्यानेच सांगितलं, हसत, पण खाली बघून.
"काका, पूर्ण काढा."

पूर्ण.
हा शब्द माझ्याकडे रोज कुणीतरी घेऊन येतं.

पनिहारच्या पुढे रस्ता सरळ आहे.
तिसरा गिअर, दोन हजारांवरून पाय तळापर्यंत.
आधी काहीच होत नाही.
हाक मारल्यावर घरातून कुणी "आलो" म्हणतं
आणि येत नाही, तेवढा वेळ.
मग येतं. अंगावर येतं.
पाठ सीटमध्ये रुतते, झाडं एकमेकांना चिकटतात,
ओजस काहीतरी ओरडतो, मला ऐकू येत नाही

कारण माझ्या कानात स्टेथोस्कोप आहे.
वडिलांचा. ते मुरारच्या दवाखान्यात कंपाउंडर होते.
टोक कापून मी त्याला तांब्याची नळी जोडलीय,
नळी बोल्टने थेट इंजिनच्या ब्लॉकवर.
लॅपटॉप सगळं सांगतो, बूस्ट, मिश्रण, हवेचा ताप.
नॉक मात्र तो जरासा उशिरा सांगतो
आणि पिस्टनला उशीर परवडत नाही.
पत्र्याच्या डबीत खडे हलवावेत तसा आवाज.
तीन खड्यांपर्यंत माफी असते.

माफी न मिळालेला एक पिस्टन
माझ्या टेबलावर बिलं दाबायला ठेवलाय.
त्यातून करंगळी आरपार जाते.
कुशवाहांच्या मुलाची गाडी, मॅप दिल्लीहून आणलेला.
मॅप चुकीचा नव्हता.
जानेवारीत तो अगदी बरोबर होता.

सहाव्या धावेला, पाच हजारांच्या जरा अलीकडे,
टायमिंग चौदा अंश असताना पहिला खडा वाजला.
तेराला शांत.
मी अकरा लिहिलं आणि सेव्ह केलं.

हे दोन अंश मी बिलात लावत नाही.
रात्री अकरानंतर ज्या पंपावरच्या पेट्रोलला
वेगळाच वास येतो, तो पंप त्यात आहे.
लू आहे. सर्व्हिसिंग "पुढच्या महिन्यात" आहे.
आणि एक संध्याकाळ आहे, अजून न आलेली,
जेव्हा हा कुणाशी तरी भांडून किल्ली उचलेल.

"काका," ओजस स्क्रीनकडे बघत म्हणाला,
"तेराला तर काही वाजलं नव्हतं."
नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
आकडे वाचणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं.
मी म्हटलं, "तुमची बँक रोज संध्याकाळी
तिजोरी रिकामी करून घरी जाते का रे?"
"नाही, पण ठेवते त्यावर व्याज मिळवते."
आता यावर काय बोलायचं.

परत येताना त्याने हळू चालवली, न सांगता.
गॅरेजपाशी त्याचा हात किल्लीकडे गेला, मी धरला.
थांब. मिनिटभर चालू दे.
गाडी उभी राहिली तरी आत चाक फिरत असतं,
तेल बंद केलंस तर ते कोरडं जळतं.

त्या मिनिटात मी स्टेथोस्कोप काढून
त्याच्या कानांत घातला.
डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला.
पूर्वेला ट्रकच्या टपांवर उजेड यायला लागला होता,
एक क्लीनर बादली घेऊन नळाकडे निघाला.

"खडे वगैरे काही नाही, काका."
"हो."
"नुसतं चाललंय."
"हो. ऐक अजून."