पाव फेरा

खिशातलं घड्याळ मनगटावर आणायचं
तर त्याला पाव फेरा वळवावं लागतं.
चावी बारावर होती, ती तीनवर आली,
सहापाशी फिरणारा सेकंदकाटा
मुकाट नऊपाशी जाऊन बसला.
स्टीलचं घर अंबडच्या लेथवर कातलं,
तबकडी भद्रकालीत, माझ्याच टेबलावर.

तांबट आळीतून सखाहरी आला.
म्हटलं, याला धक्का सोसत नाही,
आतल्या दांड्याचं टोक केसाहून बारीक.
हातोड्याच्या हातात घालू नका.

हसला. डावखुरा निघाला.
उजव्यावर पट्टा आवळून गेला.

पण हंडा धरणाऱ्या हातातही
ठोके पोचतातच की.

परवा पाहिलं:
ऐरणीपाशी बसण्याआधी त्यानं
घड्याळ पट्ट्यासकट काढलं,
कानाशी नेलं,
आणि बंडीच्या खिशात ठेवलं.