खिशाखालचा निळा

मासेरूच्या या दालनात
माझी मैत्रीण भिंतीवर टांगली आहे.
म्हणजे तिचं कापड.
उंचीला माझ्या डोक्याच्या वर, रुंदीला बसगाडीएवढं,
पुढे दोरी, दोरीला पाटी : हात लावू नये.

मला हसू येतं.
अकरा वर्षं आम्ही दुसरं केलं काय?

मी पट्ट्याच्या लुप्या लावायचे, ती छोटा खिसा,
मोठ्या खिशाच्या पोटातला तो इवलासा,
ज्यात लोक काय ठेवतात ते आम्हाला कधी कळलं नाही.
दिवसाला नऊशे साठ.
अख्खी पँट आमच्यातल्या एकीनेही शिवली नाही.
संध्याकाळी नखं निळी, पाव निळा,
नाक शिंकरलं तर रुमालात निळं,
नाल्याचं तर विचारूच नका.
थंडीत कारखान्याच्याच चिंध्या चुलीत घालायचो.
पापा शिजायची, धूर डोळ्यांत जायचा,
पोरं म्हणायची, आज जेवणाला मशीनचा वास येतो.

मग एका सोमवारी गेटला कुलूप.
ऑर्डर दुसऱ्या देशात गेली म्हणाले.
जाताना कुणी सांगितलंही नाही.

ती बाजारात बसू लागली, जुन्या कपड्यांपाशी,
जहाजाने गठ्ठे येतात ते, किलोवर.
एकदा मला हाक मारून म्हणाली, हा माझा.
कशावरून?
शेवटचा टाका बघ, दोनदा बसलाय.
त्या आठवड्यात मोत्सेदिसी तापाने फणफणली होती,
माझा पाय पेडलवरून उठत नव्हता.

गुडघे कुणीतरी घासून पांढरे केलेले,
खालची कड कुत्र्याने चावलेली असावी.
तिने ब्लेडने खिसा उसवला, धागा धागा,
कांद्याची साल काढावी तसा,
आणि खाली
चार बोटांएवढा तुकडा,
ओला वाटावा इतका गर्द,
कापडाच्या पहिल्या दिवसाचा.
ऊन पोचलं नव्हतं तिथे. साबणही नाही.
कुणाची तरी अख्खी तरुणाई त्याच्या अंगावरून गेली
आणि त्याला पत्ता नाही.

खिसे तिने उशीत भरले.
भिंतीवर आहे ते खिशांखालचं,
तीन वर्षं जमवलेलं.
जवळून, प्रत्येक तुकड्याभोवती फिकट चौकट, सुईच्या भोकांची रांग.
दुरून, बर्फ पडायच्या आधीची डोंगरातली रात्र,
जिच्यात कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत.

आज ती चांगलं ब्लँकेट छातीशी पिनेने लावून उभी आहे.
कार्डावर नाव छापलंय, मामोत्सेदिसी,
आमच्या लिपीत 'ली' लिहून 'दी' म्हणतात,
पाहुणे लिहिलंय तसं वाचतात.
ती दुरुस्त करत नाही. मान डोलावते.
वर्तमानपत्रवाली विचारते, यामागची संकल्पना काय?
ती विचार करून सांगते,
उसवताना खालचं फाटू द्यायचं नाही.
मुलगी लिहून घेते, आणि पुढचं ऐकायला थांबते.
पुढचं नसतंच.

एक उंच पाहुणा, जीन्स घातलेला,
कापडासमोर बराच वेळ उभा राहतो,
मग दोन बोटं आपल्या छोट्या खिशात घालतो.
मी मान लांब करते. अकरा वर्षांचा प्रश्न आहे.
निघतो तो थोडा कापूस, आणि गोळीचा चुरगळलेला कागद.
तो दोन्ही परत आत ठेवतो.

गर्दी सरकली चहाकडे.
मी खालचा डावा कोपरा शोधते,
तिने सकाळी नुसतं डोळ्याने दाखवला होता तो.
तिथे खिसा नाही, खिशाखालचं नाही.
एक लुपी आहे.
जराशी वाकडी, सुट्टीच्या घंटेच्या घाईत लावलेली.
माझीच. वाकडेपणा ओळखते मी.

दोरीखालून वाकते, बोट अडकवते.
घट्ट आहे अजून.

मागून रखवालदार : म्मे, पाटी वाचा की.
वाचली रे बाबा, मी म्हणते,
आणि बोट तिथेच ठेवते थोडा वेळ.