धामण

'धामण आणलीय,' म्हणालो, तर आई पाटावरून उठलीच.
साप नव्हे गं. लाकूड.
बार्शीकडच्या डोंगरातनं, ओळखीच्या टेम्पोत,
कडब्याच्या पेंढ्यांखाली झाकून,
पाच फूट, पोटरीएवढं, सालीसकट.

कोंडा मल्लेशमनं ते हुंगलं,
उभं चिरून दोन केली,
टोकांना मेण थापलं
आणि बंद पडलेल्या मागाच्या खड्ड्यात ठेवून दिलं.
'दोन उन्हाळे.'
सोलापूरचे दोन उन्हाळे म्हणजे, बे,
दुसरीकडचे पाच.

तेवढ्यात साखर पेठेतले अकरा माग भंगारात गेले.
माझं काम सुटलं, पुन्हा लागलं.
तो त्याचं काही विचारायचा नाही. खड्ड्यात वाकून
लाकडाला टिचकी मारायचा, कान लावायचा:
'अजून ओलं बोलतंय.'

मल्लेशमचा डावा डोळा धोट्यानं नेला.
सत्त्याऐंशी साली, रात्रपाळीत,
मागातनं उडाला तो थेट.
'नेम धरायला एकच लागतो की,'
एवढंच बोलतो त्यावर,
आणि वाकस पाजळायला घेतो.

पाठीला हत्यार लावायचं नाही.
साल निघाली की जे वर्षाचं कडं वर येतं
ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग राहिलं पाहिजे.
काढायचं ते पोटाकडनं.
वाकस, मग रंधा, मग कानस,
शेवटी फुटक्या बाटलीची काच,
जिच्याखाली लाकूड शेवयांसारखं पडतं.

पहिलं धनुष्य दिवाळीच्या आधी मोडलं.
घाई. दुसरं काही नाही.
गाठीजवळ मी गुळगुळीत करत गेलो,
दिसायला बरं दिसावं म्हणून,
आणि ओढताना ते नेमकं तिथंच कडाडलं.
एका तुकड्याचं लाटणं झालं,
दुसरा दाराला अडसर.
'गाठीभोवती मांस ठेवायचं,' तो म्हणाला,
तेही लाटणं तासताना, माझ्याकडं न बघता.

दुसरं अंगणात.
मागं दोरीवर चादर टाकली,
आपलीच, चौकड्यांची, लाल-काळी,
सेकंड म्हणून दुकानानं परत केलेली.
भिंतीला खुंटी, खुंटीवर धनुष्याची मूठ,
मी दोरी खाली ओढायची
आणि तो समोर ओट्यावर बसून
चादरीची घरं मोजायचा.
'डावं पाख चार घरं खाली. उजवं अडीचवर अडलंय.'
उजव्याच्या पोटावरनं काच, दहा हात.
पुन्हा ओढ, तीसदा.
लाकडाला कळायला वेळ लागतो.
'तीन.'
'मेल्लगा, मेल्लगा.'
'सव्वातीन.'

जे वाकतंय त्याला हात लावायचा नाही.
जे वाकत नाही त्याचंच काढायचं, आणि थोडं.
काढलेलं परत जोडता येत नाही.
सतरा वर्षं मी जिथं काढली
तिथं तुटलं की गाठ मारायची आणि पुढं जायचं,
म्हणून हाताला हे उशिरा पटलं.

सहाच्या सुमाराला दोन्ही पाखं
पाचव्या घराच्या रेघेला टेकली.
तो उठला, चुलीतला कोळसा आणला
आणि चादरीवरच ती कमान ओढली.
'आई ओरडेल.'
'ओरडू दे.'

मग करडईचं तेल, तीन हात.
अंबाडीची दोरी, मेण चोळून.
पहिला बाण चिंध्यांच्या पोत्याला लागला नाही,
म्याकल काकूंच्या वाळवणात घुसला.
त्यांनी तो सांडग्यासकट परत दिला.

धनुष्य खुंटीवर आहे, दोरी उतरवून.
चादर माझ्याकडं.
तीनदा धुतली. कोळसा फिका झाला, गेला नाही.
जानेवारीत अंगावर ओढतो तेव्हा
ती कमान छातीवर येते,
कधी पायांकडं घसरते,
कधी झोपेत उलटी होते.
मल्लेशमनं तिला दोरी काढली नव्हती.