विषय क्रमांक नऊ

सभेचं इतिवृत्त मी लिहिते.
मत असण्याचा पगार मला मिळत नाही.
मार्चमधला मंगळवार, संध्याकाळचे सहा,
कॅलिफोर्नियातलं ला ब्रीसा गाव.
विषय क्रमांक नऊ: कड्याखाली समुद्रभिंत,
लांबी चारशे दहा फूट, वर घरं अकरा,
आणि पाचव्या-सहाव्या घरामधून उतरणारा
जुना लाकडी जिना. सार्वजनिक.

बोलायला माणशी तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल.

आर्डिस लिंडक्विस्ट वॉकर ढकलत आली.
म्हणाली, जानेवारीत माझं लिंबाचं झाड गेलं,
मुळांसकट, लिंबांसकट.
रात्री पलंग भिंतीपासून दूर सरकवते,
मग आठवतं, पलीकडच्या भिंतीमागेही तोच आहे.
तिला खोटं कोण म्हणणार?

ओल्या केसांचा एक पोरगा
पायांची वाळू गालिच्यावर सांडत म्हणाला,
कडा झिजतो तेव्हाच पुळणीला वाळू मिळते.
भिंत बांधा, ती उपाशी मरेल.
दिवा अजून हिरवाच होता.
म्हणाला, एवढंच.

मग वकील तामुरा बाईंनी नकाशा लावला.
भरतीरेषेपर्यंत आपलं चालतं, खाली राज्याचं.
ती रेषा कुठे आहे? कुणीतरी विचारलं.
एकोणीस वर्षांच्या भरत्यांची सरासरी.

मला या गावात एकोणीसच वर्षं झाली.
म्हणजे मी आले त्या दिवशीची लाट
अजून हिशेबात असेल,
पुढच्या वर्षी गळेल.

वडील भूमापक होते, दापोली तालुक्यात.
खांद्यावर लोखंडी साखळी.
बांधावरून डोकी फुटायची, हे दगड पुरून यायचे.
म्हणायचे, हद्द म्हणजे दोघांनी मानलेला दगड.
इथला दुसरा पक्षकार मानत नाही.
रोज दोनदा येतो,
दगड उचलून नेतो.

अकरावी आली लूपे अर्सिनिएगा.
त्याच अकरांतल्या एका घराची फरशी
सव्वीस वर्षं पुसते.
काम संपलं की चपला हातात, जिना उतरून
घोट्यापर्यंत पाण्यात उभी,
सव्वापाचच्या बसपर्यंत.
याला शब्द मला मराठीतच सुचला, वहिवाट.
इतिवृत्तात त्याला जागा नाही.
ती म्हणाली, जिना राहील असं लिहिलंय तुम्ही.
जिन्याखाली काय राहील
तेही लिहा ना.
लाल दिवा.
महापौर कॅलेंडर म्हणाले, नोंद घेतली.
म्हणजे मी घेतली.

तीन विरुद्ध दोन. भिंत मंजूर.
अट क्रमांक चौदा:
जिना सूर्योदय ते सूर्यास्त जनतेसाठी खुला,
कायमस्वरूपी.
हा शब्द मी दोनदा तपासला.
शुद्धलेखनापुरता.

दुसऱ्या हिवाळ्यात बघायला गेले.
आर्डिसचं घर उभं आहे,
खिडकीत लिंबाचं नवं रोप, कुंडीत.
जिनाही आहे, कठडा नुकताच रंगवलेला,
अट अक्षरशः पाळलेली.
एकसष्ट पायऱ्या.
शेवटच्या नऊ ओहोटीतही शेवाळलेल्या, बुडालेल्या,
आणि त्यापुढे पुळण नाही,
भिंतीवर आपटून स्वतःवरच फुटणारं पाणी.

एक्कावन्नाव्या पायरीवर चपला ठेवलेल्या.
बावन्नावीवर लूपे बसलेली, पाय पाण्यात.
बस? मी विचारलं.
आज उशिरा आहे, म्हणाली,
आणि थोडी सरकली.

या पायरीवर नेमकं कुणाचं चालतं,
तामुरा बाईंना विचारायचं राहूनच गेलं.
लाट आली, दोघींचे गुडघे भिजवून गेली.
चपला मात्र लूपेने वेळेवर उचलल्या,
न बघता,
सवयीने.