तुटण्याची जागा

ईरीत मे महिन्यात बर्फ सरलं की
पूल वाजवून बघतात.
म्हणजे जाडजूड लोखंडी साखळी घेतात
आणि हट्टी वासराला ओढावं तशी
फरफटत नेतात काँक्रीटवरून,
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत.
खणखणीत वाजलं तर ठीक.
भद्द वाजलं की डेल्बर्ट पिव्होवार
खिशातला निळा खडू काढतो,
वाकतो, गुडघ्याला शिवी देतो
आणि पोकळीभोवती गोल काढतो.
माठ वाजवून घेणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.
दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधी ओळखू लागले.

साठ हिवाळ्यांचं मीठ मुरलंय या पुलात.
लोणच्यात मुरतं तसं नाही.
हे आत उतरून सळई खातं,
गंज फुगतो, वरचा थर सुटतो
भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा.

सप्टेंबरात, रात्री, गाडी आली.
टाकीतून उतरलं ते पांढरं,
दुधाहून किंचित निळसर,
वास मात्र नव्या चपलेचा.
लॅटेक्स.
पाण्यात तरंगणारे रबराचे थेंब, इतके बारीक
की मोजायला बसलं तर जन्म पुरणार नाही.
सिमेंटच्या पोत्याला साडेतीन गॅलन.
"तुमच्याकडे काय घालतात?" डेल्बर्टनं विचारलं.
आता हेच, म्हटलं. पूर्वी, चुन्यात,
गूळ. बेलाचा गर. हिरड्याचं पाणी. उडदाचं पीठ.
"म्हणजे जेवणच की."
मग जरा वेळानं, कोणी विचारलं नसताना,
म्हणाला, त्याचे आजोबा गोठ्याच्या सफेदीत ताक ओतायचे
आणि आजी दोन दिवस बोलायची नाही.

दोन वाजता सरोवरावरून वारा सुटला.
या कामात वारा वैरी.
मालावर साय धरते, सुरकुतते,
आणि साय फाटली की तिथूनच उद्याचं मीठ आत.
मी मीटर पाहिला, हात वर केला.
उरलेला माल परत.
रंधा मारणाऱ्यांपैकी एकजण काही तरी बोलला,
मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.
फॉर्मवर त्याला रकाना नाही.

जेवढं ओतलं होतं तेवढ्यावर ओलं गोणपाट.
दोन दिवस.
आणि मग, याचं मला अजून नवल वाटतं,
ते काढून घ्यायचं. कोरडं सोडायचं.
आमचे बाबा कऱ्हाडात पाण्याच्या टाक्या बांधायचे,
गवंड्यांवर त्यांची एकच आरोळी, "पाणी मारा रे!"
सात दिवस, चौदा दिवस, उन्हाळ्यात एकवीस.
इथे तसं केलं तर बिघडतं.
पाणी मधून निघून जावं लागतं,
तेव्हा कुठे ते थेंब एकमेकांना टेकतात,
टेकता टेकता पडदा होतात
आणि भेगेच्या दोन्ही काठांना धरून राहतात.
फोनवर हे बाबांना समजावून सांगितलं.
सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले,
"वेडी आहेस का? पाणी मार."

ऑक्टोबरच्या शेवटी ओढून बघायचं.
गोल खाच पाडायची, बशीच्या बुडाएवढी
चकती चिकटवायची, यंत्र बसवायचं,
चाक फिरवायचं, हळू, अजून हळू.
काटा चढत जातो. डेल्बर्ट च्युइंगगम चघळायचा थांबतो.

फट्.

चकतीबरोबर वर आलं नवं काँक्रीट,
मग जोड, शाबूत, केसासारखी एक रेघ,
आणि त्याखाली दोन बोटं जुनं,
एकोणीसशे एकसष्टचं, खडे उघडे पडलेलं.

फॉर्मवर रकाना आहे : तुटण्याची जागा.
थंडीनं पेन चालेना.
तोंडाजवळ धरून फुंकर घातली.
लिहिलं : जुन्यात.
डेल्बर्टनं माझ्या खांद्यावरून वाचलं,
"पास," म्हणाला,
आणि खड्डा बुजवायला बादली आणायला गेला.