आकसपट्टी

बर्मिंगहॅमच्या बाबा, तुझं नाव मला ठाऊक नाही.
नकाशा काढणाऱ्या साहेबाचं कुठल्यातरी पुस्तकात असेल.
मी विचारतोय ते तुझ्याबद्दल,
त्या नकाशावरून ज्यानं पहिलं लाकूड तासलं.

मी बेळगावला, उद्यमबागेत.
बोर्ड कन्नडात, हिशेब मराठीत,
साचा ढासळला की शिव्या दोन्हीत.
कॅम्पातला इनास डिसोझा परवा पोतं घेऊन आला.
पोत्यात तुझ्या एम-ट्वेंटीची क्रँककेस, डावा अर्धा,
कनेक्टिंग रॉडनं आतून लाथ मारलेली.
"वेल्डिंग धरत न्हाई बा. नवीनच ओत की."
त्याच्या बापानं मिलिटरीच्या लिलावात घेतलेली गाडी,
टाकीवर पुसट तीन बंदुका, एकमेकींना टेकून उभ्या.

चार रात्री ती केस माझ्या बाकावर होती.
तुकडे मेणानं जुळवले, कॅलिपर लावला,
आणि तू बोलायला लागलास.

बाहेरची भिंत दिसते सरळ, आहे कलती,
लाकूड वाळूतून सुटताना कड पडू नये म्हणून.
दीड अंश. मीही दीडच देतो.
मला हणमंत मिस्त्रीनं शिकवलं. तुला कुणी?

आणि ही बरगडी.
मेन बेअरिंगच्या खाली, इतरांहून जाड, जराशी तिरपी,
कुठल्याच रेषेशी न जुळणारी.
मूळ नकाशात ही नसणार.
आधीची एखादी फुटली असेल,
चाचणीला, चढावर, मागे ओझं बांधून.
वरून चिठ्ठी आली असेल: जाड करा.
आणि तू नवा पॅटर्न करत बसला नाहीस,
जुन्यावरच एक पट्टी ठोकलीस.
खिळ्याचं डोकं अजून उमटलंय ॲल्युमिनियमवर,
मुगाएवढं.

मॉडेल म्हणे कागदावर तयार होतं.
अर्धंच होतं. बाकीचं फुटत फुटत होतं.

तुझे तीन अष्टमांश म्हणजे आमचे तीन सूत, तेवढं जमलं.
व्हिटवर्थचे आटे मात्र ना ह्या पान्याला बसत, ना त्या.
खडेबाजारात एका भंगारवाल्याकडे पाने निघाले,
त्यानं किलोनं दिले.

मग आकसपट्टी काढली.
तिच्यावरचा फूट फुटाहून मोठा असतो,
धातू निवताना अंग चोरतो म्हणून.
हवं त्याहून थोडं जास्त मागायचं,
तेव्हा हवं तेवढं मिळतं.
माझा पोरगा कॉम्प्युटरवर टक्का टाकतो,
तेही तेच, फक्त हाताला लाकडाचा वास येत नाही.

शिवलिंगनं मळी काढली, "हाकरी!" म्हणाला.
पहिली ओत सच्छिद्र.
दुसरीत वाळू ओली.
तिसरी घंटेसारखी वाजली.

एक कबूल करतो.
रॉड जिथं बाहेर आला होता तिथं
मी अर्धं सूत जाडी वाढवली.
नकाशात नाही. इनासला सांगितलं नाही.
तू तरी कुणाला विचारलं होतंस?

शनिवारी, सातव्या किकला, गाडी लागली.
पाच मिनिटांनी खाली तेलाचा थेंब.
ते तुमचं तुम्ही बघा.

पॅटर्न भिंतीला टांगलाय.
खडूनं लिहिलंय: एम-ट्वेंटी, डावा.
त्या बरगडीवर, तुझ्याच जागी,
मी एक खिळा मारलाय.
त्याची काही गरज नव्हती.